परसात छोटं हरितगृह करायचंय, बजेट ४ हजार. सल्ला हवा

गुहागरची_सून (६ एप्रिल)
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी डोंबिवलीचा गाशा गुंडाळून आम्ही सासरी, गुहागर तालुक्यात राहायला आलो. समुद्र चालत दहा मिनिटांवर. बागकामात मी पूर्ण नवखी. मागच्या जूनमध्ये हौसेने कोथिंबीर-मेथी पेरली, तर पहिल्याच मोठ्या सरीत बी वाहून पाणंदीत गेलं. टोमॅटोची रोपं तगली होती, तीही हिरवीगार असताना माना टाकून मेली. म्हणून यंदा १० बाय ८ फुटांचं हरितगृह घरीच करायचं म्हणतेय. बजेट ४ हजार, वर एक रुपया नाही. बांबू घ्यावा की पाईप? प्लास्टिक कुठलं? सासूबाईंच्या मते काहीही केलं तरी वाऱ्यावर जाणार.

आगरवाला
ताई, बांबूच्या भानगडीत पडू नका. एकदाच काय ते जीआय पाईपचं (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपचं) करून घ्या. मी अडीच लाख घातले, ढोबळी मिरची लावली, बघायला माणसं येतात. अनुदानाच्या फाइलसाठी हेलपाटे फार घालावे लागले, तो वेगळा विषय. बजेट थोडं वाढवता आलं तर बघा.

चिरेबंदी
थोडं??

खारा_वारा
समुद्रापासून दहा मिनिटांवर जीआय? तीन पावसाळ्यांत सांध्यांवर गंज चढतो, स्वतः भोगलंय. आणि सासूबाई बरोबर बोलतायत. आम्ही श्रीवर्धनचे. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने माझी शेड उचलून शेजाऱ्याच्या आगरात टाकली. नंतर तिच्यावर त्याचाच नारळ पडला, त्यामुळे भांडायलाही जागा राहिली नाही. आता एकच नियम: सांगाडा पक्का, प्लास्टिक कच्चं. वादळाची बातमी आली की सुरगाठी ओढायच्या, प्लास्टिक उतरवून घरात आणायचं. वारा सांगाड्यातून जाऊ दे.

देवगडी
निसर्गचं सगळे बोलतात, तौक्तेचं कोणी काढत नाही. २०२१च्या मे महिन्यात आमच्या आंब्याची काय दशा झाली ते विचारा.

खारा_वारा
इथे कुणाचं वादळ मोठं ही स्पर्धा नाहीये भाऊ.

रोपवाला_दापोली
ताई, तुम्हाला हरितगृह नकोच आहे, पावसाळी छप्पर हवंय. हरितगृह म्हणजे थंड मुलखात ऊब धरून ठेवायची सोय. आपल्याकडे ऊब फुकट. चारी बाजू प्लास्टिकने बंद केल्यात तर एप्रिल-मेमध्ये आत रोपं शिजतील आणि जुलैत बुरशी धरेल. वर प्लास्टिक, बाजू मोकळ्या, फार तर जाळी.

छपराला उतार कौलारू घरासारखा ठेवा. सपाट ठेवलंत की प्लास्टिकला पाण्याची पोटं सुटतात आणि त्या वजनाने सगळं खाली बसतं. प्लास्टिक २०० मायक्रॉन जाडीचं, यूव्ही म्हणजे ऊन सोसणारं म्हणून मागायचं. पडवीला लावतो ते साधं मेणकापड एका उन्हाळ्यात पापडासारखं तडकतं. बांबू माणग्याचा, चांगला जून. जमिनीत जाणाऱ्या दोन फुटांना डांबर लावा, नाहीतर वाळवी पुढच्या वर्षी राहू देणार नाही. पागोळीचं पाणी जायला कडेने चर मारा आणि आत गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफे, करा.

टोमॅटोंचा दोष पावसावर ढकलू नका. रोप हिरवंगार असताना मान टाकतं ती बहुतेक जिवाणूंची मर. पुन्हा तसं झालं तर बुंध्याचा तुकडा कापून काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात धरा. पांढरट धूर उतरावा तशी धार सुटली तर तीच. ती मातीत राहते, वर छप्पर केलंत तरी. टोमॅटो लावायचेच तर दुसरीकडची माती पिशवीत भरून लावा आणि जात अर्का रक्षक घ्या. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेची आहे, या रोगाला बरीच दाद देत नाही.

मालवणी_खाजा
गो बाये, हरितगृह कित्याक व्हया? पावसात टाकळो खावचो, कुर्डू खावचो, अळवाचा फतफता करूचा. कोथिंबीर बाजारात गावता.

चिरेबंदी
बाजारात जुलैमध्ये कोथिंबिरीची जुडी काय भावाने मिळते ते बघा आणि मग बोला. दापोलीवाल्यांना +१. उतार हवाच.

पाईपप्रेमी
बांबू वगैरे जुनं झालं. अर्ध्या इंचाचा २० फुटी पीव्हीसी पाईप घ्या, जमिनीत सळया ठोकून त्यांवर कमानीसारखा वाकवा. १२ फूट रुंदीवर मधे साडेसहा फूट उंची मिळते, ताठ उभं राहून काम करता येतं. मी एका रविवारात उभं केलं, एकट्याने.

गुहागरची_सून
दादा, जागा ८ फूट रुंद आहे.

पाईपप्रेमी
मग जागा वाढवा.

देवगडी
पीव्हीसी उन्हात तापतो आणि जिथे टेकतो तिथेच प्लास्टिक आधी फाटतं, हे यांनी सांगितलं नाही. मधे पांढरं कापड गुंडाळावं लागतं. आणि उतार द्या, सपाट नको.

खारा_वारा
जागेचं बोला. पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो. घराच्या मागे, पूर्वेला आडोशाला बांधा.

गुहागरची_सून
मागे फणस आहे. सावली दाट. उजेड येतो तो पश्चिमेच्या खळ्यातच.

चिरेबंदी
फणसाखाली नकोच. प्लास्टिकवर फणस पडलेला मी पाहिलाय.

काकडीवाली_काकी
मी दोन वर्षांपूर्वी चारही बाजूंनी बारीक जाळी लावून काकडी केली होती. वेल मांडवाला टेकला, फुलं एवढी आली की फोटो काढून बहिणीला पाठवले. काकडी मात्र एक नाही. पुढे कोणीतरी सांगितलं, आत मधमाशीच जात नाही तर फळ कुठून धरणार? मग रोज सकाळी नरफूल तोडून मादीफुलाला लावत बसले. ह्यांनी आठवडाभर चेष्टा केली. तर बाई, काकडी-दोडका लावणार असशील तर जाळी मोठ्या डोळ्यांची घे.

आगरवाला
वानरांचं काय? वर उड्या मारून दोन दिवसांत चिंध्या करतील. माझ्या पाईपवर नाचले तरी काही होत नाही.

देवगडी
आमच्याकडे वानरं नाहीत, तांबड्या तोंडाची माकडं आहेत. ती जास्त वाईट. वानर पाला खातो, माकड खातं कमी नि उपटतं जास्त.

आगरवाला
वानर काय कमी उपटतात? माझ्याकडे या एकदा.

मालवणी_खाजा
वांदरांका सुकी मासळी बांधा, येवचे नाय. (येतत. माज्याकडे आयले.)

खारा_वारा
वानर-माकड दोघांना एक उपाय. बंदरावर जुनी मासेमारीची जाळी वजनावर मिळतात. प्लास्टिकवरून एक अंथरा आणि टोकांना जांभ्याचे चिरे लटकवा. वानराचा पाय अडकतो, त्याला ते आवडत नाही. आणि मुख्य म्हणजे वाऱ्यात प्लास्टिक फडफडत नाही. फडफडूनच ते फाटतं.

रोपवाला_दापोली
जाळ्याची कल्पना उत्तम. त्यात भर: बांबूवर प्लास्टिकला थेट खिळा मारू नका. जुन्या ठिबकच्या नळीची पट्टी चिरून ती वर ठेवा आणि तिच्यातून खिळा ठोका.

पाईपप्रेमी
एवढं सगळं करण्यापेक्षा पाईप.

गुहागरची_सून (२४ मे)
झालं एकदाचं! खर्चाचा हिशेब: बांबू १० नग ८० प्रमाणे ८००, प्लास्टिक १,९००, बंदरावरचं जाळं ४००, डांबर आणि खिळे ३५०. एकूण ३,४५०. चिरे घरचेच. उतार दिलाय, पट्ट्या लावल्यात, सुरगाठी मारल्यात. पश्चिमेच्या खळ्यातच बांधलंय, रागावू नका. आणि बाजू प्लास्टिकने जमिनीपर्यंत बंद केल्यात.

रोपवाला_दापोली
बाजू बंद?? ताई, मी एवढं लिहिलं त्याचं काय झालं?

खारा_वारा
आणि पश्चिमेला. आनंद आहे.

गुहागरची_सून
काका, तुम्ही लिहिलंत ना की आत रोपं शिजतील, ते मी घरात मोठ्याने वाचलं. सासूबाई म्हणाल्या, एवढं तापत असेल तर आधी माझी आमसुलं घाल. वळवाच्या भीतीने दर वर्षी दिवसातून चार वेळा सुपं आत-बाहेर करतात. यंदा कोकमाची सालं आतच आहेत, रसात बुडवून वाळवायचं तिसरं पूट झालं. वाफ बाहेर जावी म्हणून दोन्ही टोकांना वर तोंड मोकळं ठेवलंय. परवा रात्री सर येऊन गेली, कोणी उठलंसुद्धा नाही. आमसुलं निघाली की बाजू गुंडाळून वर बांधायच्या ठरल्यात. कोथिंबीर त्यानंतर. तोपर्यंत मला आत जायची परवानगी नाही, धूळ जाते म्हणे.

काकडीवाली_काकी
आंब्याची साठंही होतील ग त्यात.

पाईपप्रेमी
पाईपचं केलं असतंत तर दोन्ही मावलं असतं.

मालवणी_खाजा
आमसुलां विकूची आसत काय? एक किलो माका ठेव.