सहा व्होल्टची येझदी बारा व्होल्ट करायलाच पाहिजे का?

डायनामोभक्त
परवाची ती पोस्ट अजून डोक्यातून जात नाहीये. म्हणे सहा व्होल्टवर जुनी जावा-येझदी बाइक चालवणं म्हणजे मेणबत्ती घेऊन घाट उतरणं, बारा व्होल्टचं किट टाका न् मोकळे व्हा, जे टाकत नाहीत ते नुसते हट्टी म्हातारे. अरे वा! १९६१ पासून म्हैसूरहून गाड्या निघाल्या, लोक याच ४५ वॅटच्या डायनामोवर (इंजिनवर फिरून वीज करतो तो) रात्री-बेरात्री गावाला जात होते, ते काय चाचपडत जात होते?

मागच्या महिन्यात एका मित्राची येझदी अशीच "उजेडच नाही" म्हणून आली. हेडलाइट लावून मीटर धरला. बॅटरीवर ६.३ आणि बल्बच्या होल्डरवर ४.९. जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच गायब. फिलामेंटच्या बल्बचं असं असतं की व्होल्टेज थोडं पडलं तरी उजेड धाडकन पडतो, दहा टक्के कमी झालं की उजेड तीस टक्के जातो, इथे तर निम्म्याहून जास्त गेला होता. कारण काय, तर हेडलाइटचं अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, हँडलच्या बेअरिंगमधून, म्हणजे ग्रीस आणि गंजातून चाललेलं. होल्डरपासून बॅटरीच्या मायनसला वेगळी जाड वायर ओढली, स्विचचे कॉन्टॅक्ट घासले, संपलं. वायरमन लोकांना हे सांगत बसायला वेळ नसतो, किट विकण्यात मार्जिन आहे.

आंबाघाट
साहेब, वायरिंग सोन्याचं करा, ४५ चे ९० होणार हायत का? ३५ चा हेडलाइट, ५ चा टेल, राहिले पाच. त्यात स्पार्क देणारी इग्निशन कॉइल, वर ब्रेकलाइट न् हॉर्न. आणि ते ४५ पण इंजिन पळत असलं तर, धुक्यात दुसऱ्या गिअरवर रांगताना किती मिळतात ते बघा की एकदा मीटर लावून.

मी रत्नागिरी-कोल्हापूर करतो, पावसाळ्यात पण. घाटातच बॅटरी बसली, आधी लाइट पिवळा, मग लाल, मग स्पार्कच गेला, कारण पॉइंटला, म्हणजे स्पार्क पाडणाऱ्या स्विचला, करंट बॅटरीचाच. पाऊस असा की पुढचं चाक दिसत नव्हतं आणि मागून ट्रक. तेव्हा ओरिजिनॅलिटी आठवत नाही हो. डायनामो काढून चेक बनावटीचं बारा व्होल्टचं किट टाकलं, पॉइंट गेले, त्यांच्या जोडीचा कंडेन्सर गेला, बॅटरी काढून घरी ठेवली तरी गाडी सुरू होते.

नानापेठ_रिटर्न
दोघं भांडताय पण मधला रस्ता कुणी बोलतच नाही. डायनामो तोच ठेवायचा, जुना कटआउट (चार्जिंग सांभाळणारा डबा) काढून बारा व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर टाकायचा, कॉइल, बल्ब, हॉर्न, बॅटरी बदलायची. डायनामोला व्होल्टेज रेग्युलेटर शिकवतो, त्याला स्वतःला सहा-बारा काही कळत नाही. विलायतेत जुन्या ट्रायम्फ-बीएसए वाले वर्षानुवर्षं हेच करतायत.

डायनामोभक्त
@नानापेठ_रिटर्न अर्धवट सांगू नका. दुप्पट व्होल्टेजला जवळपास दुप्पट आरपीएम लागतो. लक्ष्मी रोडच्या ट्रॅफिकमध्ये चार्जिंग सुरूच होणार नाही. वर डायनामोतली फील्ड कॉइल तापते ती वेगळीच. मग आर्मेचरच्या, म्हणजे डायनामोच्या फिरत्या भागाच्या, रिवाइंडिंगला कुणाकडे जाणार? चांगलं रिवाइंड करणारे हाताच्या बोटांवर राहिलेत.

नानापेठ_रिटर्न
लक्ष्मी रोडला येझदी घेऊन जातंच कोण, पार्किंग कुठे करणार?

पोर_२००१
काका लोक एवढा त्रास कशाला, सहा व्होल्टचा एलईडी बल्ब मिळतो की, दहा वॅटच्या आत काम. डायनामो पण वाचतो, पैसे पण. माझ्या आजोबांच्या जावाला टाकलाय, एकदम पांढराशुभ्र.

आंबाघाट
आला बघा, समोरच्याला आंधळं करणारा! तुमच्या पांढऱ्याशुभ्रमुळं रात्री घाटात डोळे मिटून गाडी चालवायची पाळी आलीय.

डायनामोभक्त
पहिल्यांदाच आंबाघाट यांच्याशी सहमत, नोंद घ्या. अरे बाळा, तो रिफ्लेक्टर फिलामेंटच्या जागेसाठी बनवलाय. एलईडीच्या चिप भलत्याच जागी बसतात, मग अप्पर-डिपर सारखंच, उजेड झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यात. रस्त्यावर खड्डा दिसतच नाही. डिपरवर भिंतीवर लाइट मारून बघ, उजेडाला वरून सरळ कट दिसतो का ते.

पोर_२००१
भिंतीवर मारला. कट नाहीये फारसा. पण आधीही नव्हता, रिफ्लेक्टरची चांदीच उडालीये.

ठाणे_ते_टोरांटो
एलईडीचा विषय निघालाच आहे तर, सगळ्यात मोठा त्रास कारवाल्यांचा. एसयूव्हीचे दिवे बाइकवाल्याच्या बरोबर डोळ्याच्या उंचीवर. त्यात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट कायम चालू, दिवसासुद्धा. सगळेच झगमगायला लागल्यावर आपला जुना पिवळा दिवा कुणाला दिसणार?

आंबाघाट
दिवसा लाइट चालू असण्यानं काय बिघडतं ओ? मला समोरून येणारी बाइक लांबून दिसती. तुम्ही टोरांटोत बसून आमच्या घाटाचं सांगू नका.

ठाणे_ते_टोरांटो
माझी येझदी ठाण्यातच उभी आहे, भाऊ चालवतो. आणि घाट कुणाच्या बापाचा नाही.

नानापेठ_रिटर्न
बापावर जाऊ नका. मूळ मुद्दा चार्जिंगचा होता. आणि किटवाल्यांनो, उद्या व्हिंटेज गाड्यांना मिळतो तो व्हीए नंबर मागायला जाल तेव्हा इन्स्पेक्शनला हे सगळं काय म्हणून दाखवणार?

आंबाघाट
माझी १९८२ ची. व्हीएला पन्नास वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे २०३२. वर २०,००० रुपये भरायचे आणि मग रोज चालवायची पण नाही, फक्त रॅली न् प्रदर्शन. मला कामावर जायचं असतं ओ. तो नंबर तुम्हालाच लखलाभ.

डायनामोभक्त
ठीक आहे, रोज पावसात घाट चढणाऱ्यानं किट टाकावं, माझी ना नाही. पण रविवारी सकाळी मिसळ खायला जाणाऱ्या निम्म्या लोकांनी केवळ दुसऱ्याने टाकलं म्हणून टाकलंय, आणि त्यांचं अर्थिंग अजून बेअरिंगमधूनच चाललंय. बाय द वे आंबाघाट, तुमचा काढलेला डायनामो कुठे आहे? आर्मेचर शाबूत असेल तर बोला, मेसेज टाकतो.

आंबाघाट
माळ्यावर हाय, ऑइल लावून, गुंडाळून ठेवलाय. विकायचा नाही.

डायनामोभक्त
का हो, किट भारी आहे ना?

आंबाघाट
भारीच हाय. तरी विकायचा नाही.

पोर_२००१
तो रिफ्लेक्टर परत चांदीचा कुठे करून मिळतो ते कुणी सांगेल का? भांडण नंतर करा.