एनएटएन + क्लायमॅटिक: कोड नोडमध्ये शाखेचं नाव गायब, काही ओळींवर ४०० एरर

मीटररीडिंग:
१२ शाखांची महावितरणची बिलं गूगल शीटमध्ये आहेत (शाखा, महिना, युनिट). एनएटएन या ऑटोमेशन साधनातला फ्लो असा: शीट, मग एचटीटीपी रिक्वेस्ट नोडमधून उत्सर्जन मोजणाऱ्या क्लायमॅटिक सेवेचा ‘एस्टिमेट’, मग जावास्क्रिप्टचा कोड नोड, शेवटी इकॉलॉजी या झाडं लावून देणाऱ्या सेवेला झाडांची ऑर्डर. तीन-चार ओळींवर ४०० एरर (पाठवलेली विनंती चुकीची) येते. बाकीच्यांचा सीओटूई (कार्बन डायऑक्साइड-समतुल्य उत्सर्जन) आकडा मिळतो, पण कोड नोडमध्ये शाखेचं नाव उरत नाही. आणि इकॉलॉजीच्या नोडवर ‘रिट्राय ऑन फेल’ (फसलं की पुन्हा प्रयत्न) चालू ठेवावा का?

तारेवरची_कसरत:
४०० येणाऱ्या ओळींत युनिट स्वल्पविरामासकट असणार, ‘१,२४०’ असे. ती झाली स्ट्रिंग, म्हणजे मजकूर. क्लायमॅटिकच्या ‘एनर्जी’ला नंबर लागतो. रिक्वेस्टच्या आधीच स्वल्पविराम काढून नंबर करून घ्या.

नाव हरवतं कारण एचटीटीपी नोड आलेला आयटम पुढे ढकलत नाही, त्या जागी एपीआयचं उत्तर ठेवतो. शीटची एक फांदी आणि उत्तराची दुसरी मर्ज नोडमध्ये ‘पोझिशन’ने जोडा. मात्र मधे एखादी ओळ गळली की पुढची सगळी नावं एकेक घर सरकतात आणि एरर येत नाही, म्हणून कळतही नाही. त्यामुळे रिकाम्या ओळी फांद्या फुटायच्या आधी गाळा आणि एचटीटीपी नोडचा ‘ऑन एरर’ ‘स्टॉप वर्कफ्लो’वरच राहू द्या. कोड नोडमधून नुसता आकडा परत करू नका; प्रत्येक आयटम ‘जेसन’ या कीखाली, आणि सगळ्यांचा ॲरे (यादी).

लघुदाब:
एक बघा: उच्चदाब जोडणीच्या बिलात युनिट केव्हीएएचमध्ये (आभासी ऊर्जा) असतात. तोच आकडा केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेली वीज) म्हणून पाठवला तर उत्सर्जन फुगतं. बिलातला केडब्ल्यूएचचा रकाना घ्या, नाहीतर केव्हीएएचला पॉवर फॅक्टरने (या दोन आकड्यांचं गुणोत्तर) गुणा.

पडताळणीला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४ चा ग्रिड सरासरी गुणांक धरा: युनिटला सुमारे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड. १,२४० युनिटचे साधारण ९०१ किलो होतात. उत्तर फारच वेगळं आलं तर ‘रीजन’ आयएन (भारत) आहे का आणि उत्तरातल्या गुणांकाचं वर्ष कोणतं, हे आधी पाहा. जनरेटरचं डिझेल या बिलात येत नाही. ते लिटरमागे सुमारे २.६८ किलो, वेगळं मोजा.

फ्लोचार्ट:
रिट्राय चालू ठेवा, पण ‘आयडेम्पोटन्सी-की’ (तीच ऑर्डर दोनदा नोंदली जाऊ नये म्हणूनची खूण) हेडरसकट. टाइमआउट म्हणजे ऑर्डर गेली नाही असं नव्हे. उत्तर वाटेत अडकलं तरी पलीकडे झाडांचे पैसे लागलेले असतात. की शाखा-कोड आणि बिलाचा महिना जोडून बनवा. तिथे यादृच्छिक आकडा किंवा चालू वेळ घातलीत, तर दर प्रयत्नाला नवी की आणि नवी खरेदी. चाचणीत बॉडीत ‘टेस्ट’ ट्रू ठेवा.

झाडांचा आकडा किलोंमधून वजा करू नका. लावलेलं रोप या महिन्याची वीज भरून काढत नाही. शीटमध्ये दोन वेगळे रकाने पुरेत.