मदत हवी: जेटीवरच्या जीपीएसने भरती मोजतोय, पण उगवत्या आणि मावळत्या उपग्रहांचं पटत नाही

नमस्कार मंडळी,

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून रत्नागिरी तालुक्यातल्या एका लहान जेटीवर आम्ही साधा जीएनएसएस रिसीव्हर (जीपीएससारख्या दिशादर्शक उपग्रहांचे सिग्नल पकडणारं यंत्र) बसवलाय. सर्व्हेवाले पाण्यावरून उसळून येणारा सिग्नल त्रासदायक म्हणून गाळतात, आम्हाला नेमका तोच हवाय. थेट आलेली आणि समुद्रावरून परावर्तित झालेली लहर अँटेनात एकत्र आली की सिग्नलची ताकद वर-खाली झुलते. उपग्रहाच्या उंचीकोनाच्या (क्षितिजापासून वरच्या कोनाच्या) साइनवर ती मांडली, की झोक्यांची वारंवारता म्हणजे अँटेना ते पाणी या उंचीची दुप्पट भागिले तरंगलांबी (जीपीएसच्या एल१ या सिग्नलसाठी सुमारे १९ सेंमी). त्यावरून पाण्याची पातळी.

अँटेना पाण्यापासून ओहोटीला साधारण ७ मीटरवर असते. ५ ते २० अंशांतलाच डेटा घेतो आणि फक्त समुद्राकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या दिशा. खालचा कोन ५ ठेवला तर परावर्तन ८० मीटरवरून येतं, तिथे ट्रॉलर नांगरलेले असले की सगळा विचका. त्या वेळा आम्ही काढून टाकतो.

आता अडचण. भरती चढत असताना मावळते उपग्रह पाणी खऱ्यापेक्षा खाली दाखवतात, उगवते वर. सुकतीला, म्हणजे पाणी उतरताना, बरोब्बर उलट. पूर्ण भरतीला आणि पूर्ण ओहोटीला दोघांचं जुळतं! भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत फरक किरकोळ, उधाणाला (मोठ्या भरतीला) मात्र अर्ध्या मीटरच्या घरात. तुलना जेटीच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीशी करतोय. अँटेना हलते का, केबल सैल आहे का, सगळं तपासलं.

दुसरा प्रश्न: रिसीव्हर नाविकचा, म्हणजे भारताच्या स्वतःच्या दिशादर्शन उपग्रहांचा, एल५ सिग्नल सुद्धा पकडतो, पण त्यातल्या काही उपग्रहांचे झोके दिसतच नाहीत. का?

प्रतिसाद : खाडीकाठ

अँटेनाला सोडा, ती निर्दोष आहे. तुमचं सूत्र पाणी स्थिर आहे असं धरतं. उपग्रह ५ वरून २० अंशांवर जायला अर्धा-पाऊण तास घेतो, तेवढ्यात उधाणाचं पाणी वीतभर सहज चढतं. त्यामुळे मोजलेल्या उंचीत एक जादा पद मिसळतं: पाण्याच्या चढ-उताराचा वेग गुणिले कोनाचा टॅन, भागिले कोन बदलण्याचा वेग. मावळत्या उपग्रहाचा कोन घटतो म्हणून चिन्ह उलटतं. भरल्या पाण्याला वेग शून्य, म्हणून तिथे जुळतं. तुमची लक्षणं इतकी पाठ्यपुस्तकी आहेत की उत्तर तुमच्याच प्रश्नात होतं.

उपाय: मोजलेल्या पातळ्यांच्या सगळ्या बिंदूंमधून आधी एक स्प्लाइन (गुळगुळीत वक्ररेषा) काढा, तिच्यावरून वेग काढा, दुरुस्ती लावा, पुन्हा स्प्लाइन. क्रिस्टीन लार्सन यांच्या 'जीएनएसएसरिफ्ल' या मोफत पायथन पॅकेजमध्ये हे तयार आहे. अलास्कातल्या काचेमाक उपसागरात भूकवचाच्या हालचालींसाठी बसवलेल्या जीपीएसवरून त्यांच्या गटाने २०१३ साली भरती मोजून दाखवली. तिथे पाणी सात मीटरहून जास्त चढउतार करतं, तेव्हा ही दुरुस्ती टाळणं शक्यच नव्हतं. उगवते आणि मावळते दोन्ही बाजूंचे उपग्रह मात्र ठेवा, एकच बाजू घेतली तर चूक लपून बसेल.

नाविकचं असं की त्यातले काही उपग्रह भूस्थिर आहेत. तुमच्या आकाशात ते जवळपास जागचे हलत नाहीत, मग कोन बदलणार कसा आणि झोके येणार कुठून? त्यांच्याकडे उलट नजरेने बघा. ३२.५ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह तुमच्याकडून सुमारे ४० अंश उंचीकोनावर, नैऋत्य-पश्चिमेला दिसतो. तिथे पाणी चढेल तशी ताकद झुलेल, साधारण २० सेंमीला एक झोका. शांत पाण्यातच जमेल, पावसाळी खवळलेल्या समुद्रात इतक्या उंच कोनाला काही हाती लागणार नाही. आणि अँटेना आभाळाकडे बघत असेल तर तिरपी करून समुद्राकडे वळवा.

धागाकर्ता

खूप आभार. वेग काढायला स्प्लाइनऐवजी सर्व्हे ऑफ इंडियाच्या तक्त्यातल्या भरतीच्या वेळा वापरल्या तर चालेल का? आमचे बिंदू दिवसाला फार थोडे आहेत, रात्री तर मोठी खिंडारं पडतात.

प्रतिसाद : खाडीकाठ

पहिल्या फेरीला चालेल. वाऱ्याने साचलेलं पाणी तक्त्यात नसतं, त्यामुळे दुसऱ्या फेरीला स्वतःचे बिंदूच घ्या. ग्लोनास आणि गॅलिलिओ (रशियाची आणि युरोपची जीपीएससारखी यंत्रणा) चालू केलेत का? तेवढ्यानेच खिंडारं बरीच भरतील.