मदत हवी आहे: कृत्रिम पायावर बाबांचं चालणं सुधारतच नाही

अबोली_२२:
बाबांचा पाय काढून आठ महिने झाले, कृत्रिम पाय मिळून तीन. वॉकर घेऊन चालतात, पण कंबरेत वाकून, आणि पाच मिनिटांत दमतात. रोज चालायला लावतेय, फरक शून्य. कोणते व्यायाम करून घेऊ? लवकर सांगा, त्यांचा धीर सुटत चाललाय.

वाटसरू:
गुडघ्याच्या वर की खाली? कशामुळे काढला? वय?

अबोली_२२:
खाली, उजवा. ६१.

पाऊलवाट:
माझाही गुडघ्याखालचाच गेलाय, ११ वर्षं झाली. नुसतं चालून चालणं सुधारत नाही, यात माझं पहिलं वर्ष गेलं. वाकतात म्हणजे जांघेपाशी सांधा आखडला असणार. दिवसभर खुर्चीत असतात का? दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपू द्या. गुडघ्याखाली उशी घेत असतील तर आजच बंद. मग पालथं असतानाच मांडी मागे उचलणं, कुशीवर वळून पाय वर नेणं. नितंबाचे स्नायू कमजोर असले की तोल जातोच.

निळा_पक्षी:
आरशाचा उपचार (आरशात चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत तो हलवायचा) करून बघा! मेंदूशास्त्रज्ञ डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात मांडला. माझ्या काकांना खूप उपयोग झाला.

पाऊलवाट:
तो नसलेल्या पायातल्या वेदनेसाठी. त्यांनी वेदनेचं विचारलंच नाहीये.

निळा_पक्षी:
वेदना असेल तर माणूस व्यायाम कसा करेल? म्हणून सांगितलं.

लाटा:
पोहायला न्या. सांध्यांवर भार नाही, दमही वाढतो. बाकी सगळं नंतर.

स्पंदन_फिजिओ:
पोहण्याआधी त्वचा बघा. अबोलीताई, वाटसरूंच्या एका प्रश्नाचं उत्तर राहिलं, पाय कशामुळे काढला? दुसरं, सॉकेट (कृत्रिम पायाची खोबण, ज्यात उरलेला पाय बसतो) सैल झालंय का? पहिल्या काही महिन्यांत स्टंप (उरलेला पाय) बारीक होत जातो, मग मोज्यांचे थर वाढवावे लागतात. सैल सॉकेटमध्ये व्यायाम केला तर जखमच होईल. दमण्याचं म्हणाल, तर कृत्रिम पायावर चालायला ताकद जास्तच लागते. थोडं चालणं, थोडी विश्रांती असं करा. आठवड्यातून एकदा दोन मिनिटांत किती मीटर चालतात ते लिहून ठेवा. सुधारणा डोळ्यांना दिसत नाही, आकड्यात दिसते.

अबोली_२२:
मधुमेहामुळे. हे आधी सांगायला हवं होतं. आत्ता कृत्रिम पाय काढून पाहिला, नडगीच्या टोकाला लाल डाग आहे. दुखत नाही म्हणतात. आणि उशी मीच ठेवत होते, बरं वाटायचं त्यांना.

स्पंदन_फिजिओ:
न दुखणं हीच काळजीची गोष्ट आहे, मधुमेहात संवेदना कमी होते. कृत्रिम पाय काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांत डाग गेला नाही तर तो घालू नका आणि प्रॉस्थेटिस्टला (कृत्रिम पाय बसवणाऱ्या तज्ज्ञाला) लगेच दाखवा. कातडी सोलवटली असेल तर डॉक्टरांनाही. डाव्या पायाचा तळवाही रोज बघा, सगळा भार त्याच्यावर आहे.

लाटा:
मग पोहणं तूर्त नकोच.

अबोली_२२:
अर्धा तास झाला, डाग तसाच आहे. उद्या सकाळीच जातो. तोवर पालथं झोपू दिलं तर चालेल?

पाऊलवाट:
चालेल. त्याला कृत्रिम पाय लागत नाही. फक्त डाग कशावर घासू देऊ नका.