मदत हवी आहे: सेलच्या मोहिमेसाठी 'डॉट शॉप' घ्यावं का?

नमस्कार मंडळी. मी एका मोठ्या दुकानसाखळीच्या मार्केटिंग विभागात आहे. सेलच्या जाहिरातीसाठी मुख्य 'डॉट कॉम'ऐवजी 'डॉट शॉप'वर छोटा, लक्षात राहील असा वेबसाइटचा पत्ता घ्यावा, असं वरिष्ठांचं म्हणणं आहे. होर्डिंगवर तो उठून दिसेल, हे मलाही पटतं.

पत्त्याच्या शेवटी येणाऱ्या या शेपटांना, म्हणजे एक्स्टेंशन्सना, मागणी मोठी आहे. 2016 मध्ये 'डॉट शॉप' हे एक्स्टेंशन चालवण्याचे हक्क लिलावात 4 कोटी 15 लाख डॉलरना गेले. ॲमेझॉन, वॉलमार्ट, जर्मन सुपरमार्केट साखळी लिडल यांनी तर स्वतःच्या नावाचीच एक्स्टेंशन्स घेतली. ती फक्त त्यांच्याच हातात असल्याने तिथे तोतया पत्ता निघणं अवघड. 'डॉट शॉप'वरचा पत्ता मात्र कोणीही विकत घेऊ शकतो, आणि माझी खरी काळजी तीच आहे. अनोळखी पत्ता पाहून ग्राहक फसवणूक समजून मागे फिरला तर?

नव्या एक्स्टेंशनमुळे सर्चमध्ये वेगळा फायदा मिळत नाही, हे गूगलने 2015 मध्येच सांगितलंय, त्यामुळे तो मुद्दा सोडा.

कोणी असा प्रयोग केलाय का? नवा पत्ता नुसता मुख्य साइटवर रीडायरेक्ट केलात (म्हणजे तो उघडणारा थेट मुख्य साइटवर जाईल असा) की वेगळी साइट उभारलीत? आणि मोहीम संपल्यावर नूतनीकरण थांबवलं, तर ते नाव दुसऱ्या कोणी उचलतं का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा, शुक्रवारी मला प्रस्ताव मांडायचा आहे.