मुलाच्या भेटीचे वेळापत्रक मसुद्यात कसे लिहावे? मदत हवी आहे
नमस्कार. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३-ब नुसार आम्ही परस्पर संमतीने घटस्फोटासाठी अर्ज केला असून, आठ वर्षांचा मुलगा आईकडे जालन्याला राहील, हे दोघांनाही मान्य आहे. मी लातूर जिल्ह्यात शेती करतो.

वकिलांनी मसुद्यात ‘दुसरा व चौथा रविवार’ असे लिहिले आहे; परंतु एसटीने जाऊन येण्यातच दिवस सरतो, आणि मागच्या खेपेस तर भेळ खाताना मुलाने ‘बाबा, तुमची गाडी किती वाजता आहे?’ असे तीनदा विचारले. त्यापेक्षा दिवाळी व उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी आणि वेळ अमावस्येला (येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे शेतात साजरा होणारा सण) दोन दिवस शेतावर, हे मला बरे वाटते. (भज्जी आणि आंबिलीवाचून त्याची येळवस आजवर गेलेली नाही.) मात्र त्या दिवशी त्याच्या शाळेला सुट्टी नसते.

त्याच कायद्याच्या कलम २६ नुसार मुलाच्या ताब्याबाबतचा व भेटीचा आदेश पुढे बदलून घेता येतो. तरीही दरवर्षी कोर्टाची पायरी चढण्याची इच्छा नाही. तिथीने येणारे सण आणि मुलाला नेण्या-आणण्याची जबाबदारी आपण कोणत्या शब्दांत लिहून घेतली, ते अनुभवी मंडळींनी कृपया कळवावे.