हिवाळी प्रेअरीवरचा सूर्यास्त: बर्फ राखाडी, चौकट रिकामी

माळकरी:
गेल्या वर्षी मी सोलापूरहून कॅनडातील रेजायना येथे राहायला आलो. माळरान मला नवे नाही. परंतु इथल्या सस्कॅचेवन प्रांतातली प्रेअरी, म्हणजे हा क्षितिजापर्यंत सपाट, पांढरा माळ, छायाचित्रात कसा आणावा हे अजून उमगलेले नाही. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा डोळ्यांना बर्फावर सोनेरी उजेड आणि निळ्या सावल्या एकत्र दिसतात. छायाचित्रात मात्र बर्फ मळकट राखाडी येतो आणि सूर्याच्या ठिपक्याखेरीज चौकटीत काही उरत नाही. त्यातच मागच्या रविवारी उणे 25 अंशांत बॅटरीने 20 मिनिटांतच मान टाकली. माझ्याकडे 18-55 मिमीची साधी झूम लेन्स आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उजेडवाट:
समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरूनच कॅमेरा प्रकाश मोजतो, त्यामुळे पांढऱ्याशुभ्र बर्फालाही तो करडा करून टाकतो. सूर्य पाठीशी किंवा बाजूला असेल तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश, एक ते दीड स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आणि बर्फाचा पोत अतिप्रकाशाने जळत नाही ना, हे हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड-अंधाराच्या आलेखावर, पाहावे. सूर्य चौकटीतच असेल तर आकाशासाठी एक आणि बर्फासाठी एक अशी दोन छायाचित्रे घेऊन ती नंतर जोडावीत. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगछटेनुसार रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवू नये. सावलीतल्या बर्फावर फक्त निळ्या आकाशाचा उजेड पडतो, म्हणून सावली निळी दिसते. ऑटो नेमका तोच निळा आणि सोनेरी फरक पुसून टाकतो. तो डेलाइटवर (दिवसाच्या उजेडाच्या सेटिंगवर) ठेवून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, घ्यावी.

धसकट:
रिकामेपणाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. रिकामेपण हाच त्या प्रदेशाचा चेहरा आहे, तो झाकायचा नसून त्याला माप द्यायचे आहे. बर्फातून वर आलेली गव्हाची धसकटे पाहा. आपल्याकडे ज्वारी काढल्यावर राहतात तशीच ती ओळीने उभी असतात, आणि सूर्य खाली आला की प्रत्येक धसकटाची सावली त्याच्या उंचीच्या कितीतरी पट लांब पडते. गुडघ्यावर बसून, कॅमेरा बर्फापासून हातभर उंचीवर धरून त्या ओळी क्षितिजाकडे जाऊ द्याव्यात. दूरवर धान्याचे जुने लाकडी एलिव्हेटर, म्हणजे धान्य साठवायचे उंच कोठार, असेल तर तेवढा एक उभा आकार पुरतो.

वेळेची घाई करू नये. डिसेंबरात तिथे सूर्य दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम 16 अंश वर येतो आणि तिरका उतरतो. शेवटचे 6 अंश उतरायला त्याला साधारण पाऊण तास लागतो, सोलापुरात अर्ध्या तासाच्या आतच तो बुडतो. मावळतीची जागाही पश्चिमेच्या बरीच दक्षिणेला, जवळपास नैर्ऋत्येला असते. आणि सूर्य बुडाला की पाठ फिरवून पूर्वेकडे पाहावे. तिथे क्षितिजालगत निळसर करडा पट्टा वर चढतो, ती पृथ्वीची स्वतःची सावली, आणि तिच्यावर गुलाबी पट्टा असतो. सपाट माळावर हे जितके स्वच्छ दिसते तितके डोंगराळ मुलखात दिसत नाही. माझी सर्वांत आवडती छायाचित्रे याच दहा मिनिटांतली आहेत.

हिमवाट:
दोन जादा बॅटऱ्या अंगालगतच्या आतल्या खिशात ठेवाव्यात. थंडीने दमलेली बॅटरी ऊब मिळाल्यावर पुन्हा थोडी चालते. घरात शिरण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत घालावा आणि तो घराइतका उबदार होईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर बाष्प साचून लेन्सवर दव धरते. रस्त्याकडेचा चर बर्फाने सपाट दिसतो, त्यात गाडी उतरवू नये. आणि कुठे जात आहात हे घरी सांगून निघावे.

माळकरी:
सर्वांचे मनापासून आभार. काल दीड स्टॉप वाढवून धसकटांच्या ओळी टिपल्या, नंतर पूर्वेकडे वळलो. गुलाबी पट्टा खरोखरच दिसला, आणि त्याखालचा बर्फ या वेळी निळाच आला.